मधला थर

(चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. मी त्यांचा अगदी बेताचा विद्यार्थी. माझ्या परडीतला पेरू कोणता आणि वांगं कोणतं हे खाली लिहावं लागे. पुढे मी पदार्थविज्ञानाकडे वळलो, त्यात चित्रकलेचा फायदाच झाला असं सर म्हणत. तरी आज व्याख्यानाला मला बोलावलं गेलं, त्याचं मूळ सरांनी एकदा माझ्या तळहातावर ठेवलेल्या एका पोपड्यात आहे.

आमची शाळा एका जुन्या वाड्यात भरायची. एका पावसाळ्यानंतर वर्गाच्या भिंतीला ओल आली आणि हाताएवढा पोपडा सुटून खाली पडला. शिपाईमामा तो झाडून टाकणार, एवढ्यात सरांनी उचलला, मला दिला, वर खिशातलं भिंग दिलं आणि म्हणाले, "वरून नको बघूस, कडेनं बघ. किती दिवाळ्या दिसतात?" वाड्याला दर दिवाळीआधी चुन्याचा हात दिला जाई. कडेनं पाहिलं तर कागदाच्या चळतीसारखे थर: पांढरा, पांढरा, नीळ घातलेला, एक पिवडीचा, पुन्हा पांढरा. आणि साधारण मध्यावर एक बारीक काळी रेघ. मी म्हटलं, सर, इथे काळा रंग दिला होता का? ते हसले. "काळा रंग कोण देईल भिंतीला? काजळी आहे ती. या वर्गात कधीतरी कुणाची तरी चूल होती."

आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या काळ्या रेघेबद्दल आहे.

पडद्यावर आता जे चित्र दिसतं आहे, ते डेल्फ्टच्या योहानेस व्हर्मीरचं. साधारण १६५७ ते १६५९ या काळातलं. उघड्या खिडकीपाशी उभी राहून एक तरुणी पत्र वाचते आहे. तिचा चेहरा खिडकीच्या काचेत पुसट उमटला आहे. पुढे गालिचा अंथरलेल्या टेबलावर फळांचं ताट कललं आहे, उजवीकडे हिरवट पडदा. आणि तिच्या मागे मोकळी भिंत. हे चित्र १७४२ साली सॅक्सनीच्या अधिपतीसाठी पॅरिसमध्ये विकत घेतलं गेलं, तेही रेम्ब्रांटचं म्हणून. व्हर्मीरचं नाव त्याला पुढे १९व्या शतकात लागलं. आज ते जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे.

या मोकळ्या भिंतीवर किती लिहिलं गेलं असेल! तिचं एकटेपण, पत्रातलं न सांगितलेलं दुःख, चित्रकाराचा संयम. मीसुद्धा तरुणपणी छापील प्रतिकृती पाहून असंच काहीतरी एका वहीत लिहिलं होतं. ती वही सुदैवानं हरवली.

१९७९ साली या चित्राचे क्ष-किरण काढले गेले, आणि त्या मोकळ्या भिंतीच्या आत चौकटीतलं एक मोठं चित्र दिसलं: हातात धनुष्य घेतलेला, उभा, उघडा बालक. क्युपिड, म्हणजे पाश्चात्त्यांचा मदन. ज्या भिंतीला आपण एकटेपण म्हणत होतो तिच्यावर प्रेमदेवता टांगलेली होती.

क्ष-किरणांना हे दिसलं कसं? छातीचा एक्स-रे आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हाडं किरणांना अडवतात, मांस जाऊ देतं. जुन्या तैलचित्रांत हाडांचं काम शिसं करतं. युरोपातले चित्रकार कितीतरी शतकं शिशाचा सफेदा वापरत. शिशाचा अणुक्रमांक ८२, अणू जड, त्यामुळे जिथे सफेदा जास्त तिथे किरण अडतात आणि फिल्मवर ती जागा उजळ राहते. माणसाची त्वचा रंगवायची तर सफेदा हवाच, म्हणून चेहरे आणि अंगं सर्वांत आधी दिसतात. राँटगेननं १८९५ साली हे किरण शोधले आणि दुसऱ्याच वर्षी फ्रँकफर्टच्या वाल्टर क्योनिग यानं एका तैलचित्राचा एक्स-रे काढला. हातापायाची हाडं पाहण्याची हौस फिटली नव्हती, तोवर माणसं चित्रांची हाडं पाहायला लागली होती.

पण एक्स-रेची एक मोठी खोट आहे. तो सगळे थर एकावर एक दाबून एकाच सपाटीत दाखवतो. वर काय आणि खाली काय, आधी काय आणि मग काय, हे तो सांगत नाही. मदन आहे, एवढं त्यानं सांगितलं. तो कुणी झाकला हे त्याला विचारलंच नव्हतं. ते जाणकारांनी ठरवलं. व्हर्मीर आपली रचना बदलत असे हे माहीतच होतं. याच एक्स-रेत उजव्या पडद्याखाली काचेचा एक मोठा पेलाही दिसत होता. तो त्यानं आधी काढला आणि मग वर पडदा रंगवला. तेव्हा मदनही त्यानंच झाकला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. बघा, भिंतीबद्दलचे निबंध कसे तगून राहतात ते! आधी मोकळी भिंत हा संयम होता, आता मदन झाकून मोकळी केलेली भिंत हा त्याहून मोठा संयम झाला.

हे ३८ वर्षं चाललं.

२०१७ साली चित्राची साफसफाई सुरू झाली. जबाबदारी क्रिस्टोफ श्योल्त्सेल या जीर्णोद्धारकाकडे होती. पिवळं पडलेलं जुनं व्हार्निश काढताना त्यांच्या लक्षात आलं की मधल्या भिंतीचा रंग बाकीच्या चित्रापेक्षा वेगळा वागतो. द्रावकाला तो वेगळ्या तऱ्हेनं दाद देत होता. घरी जुन्या लुगड्यातला एक तुकडा बाकीच्यापेक्षा वेगळा विटला की आजी म्हणते ना, हे ठिगळ आहे, तसंच.

मग त्यांनी तेच केलं जे सरांनी माझ्याकडून करवून घेतलं होतं. रंगाचा अगदी बारीक, डोळ्यांनी जेमतेम दिसेल असा कण काढायचा, पारदर्शक राळेत बसवायचा, घासून कड उघडी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडेनं पाहायचं. संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत हे रोजचं काम आहे. त्या कडेवर क्रम स्पष्ट होता. खाली मदनाचा रंग. त्यावर व्हार्निश. त्या व्हार्निशवर धूळ आणि मळ. आणि मग, त्या मळाच्या वर, भिंतीचा रंग.

व्हर्मीर १६७५ साली गेला. चित्र पूर्ण होऊन, व्हार्निश लागून, वर मळ साचायला जेवढा काळ लागतो तेवढा तो जगला नाही. मदन झाकला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कुणाच्या हातानं. चित्रकाराच्या संयमाविषयीची सगळी वाक्यं एका केसाहून बारीक मळाच्या रेघेनं खोडली.

जुन्या चित्राखाली लपलेलं चित्र सापडलं की वर्तमानपत्रांत मथळा होतो आणि मथळ्यात नेहमी खालचं चित्र असतं. माझ्या मते खालच्या चित्राचा अर्थ दोन चित्रांच्या मध्ये असतो. मध्ये मळ आहे का? व्हार्निश आहे का? खालचा रंग तडकला होता आणि वरचा रंग त्या भेगांत उतरला आहे का? तसं असेल तर मध्ये वर्षं गेली. काहीच नसेल, दोन्ही रंग ओले असताना एकमेकांत मिसळले असतील, तर तोच हात, तीच दुपार. ज्याला आपण "लपवलेलं" म्हणतो ते कधी लपवलेलं असतं, कधी नुसतं वाया जाऊ नये म्हणून वापरलेलं.

वाया न घालवण्यावरून व्हॅन गॉगची आठवण झाली. त्याच्याकडे पैसे नसत आणि कॅनव्हास महाग. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांपैकी साधारण एक तृतीयांश चित्रांच्या खाली दुसरं चित्र आहे असा अंदाज आहे. हॉलंडमधल्या ओटर्लो गावाच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात त्याचं गवताचं एक चित्र आहे, १८८७ सालचं, पॅरिसमध्ये काढलेलं. चित्रात गवत सोडून फारसं काही नाही. आधीच्या तपासणीत खाली एक डोकं असल्याचं अंधूकपणे कळलं होतं, पण चेहरा लागत नव्हता.

२००८ साली डेल्फ्टचे योरिस डिक आणि अँटवर्पचे कून यान्सेन्स यांच्या गटानं ते चित्र जर्मनीत हँबुर्गला नेलं. तिथे विद्युतभारित कणांना प्रचंड वर्तुळात फिरवून अतिशय तीव्र क्ष-किरण मिळवणारं यंत्र होतं. त्या किरणांची अर्ध्या मिलिमीटरएवढी बारीक शलाका त्यांनी चित्रावरून एकेक टिंब सरकवली. साडेसतरा सेंटिमीटरच्या चौकोनासाठी दोन दिवस लागले.

तत्त्व असं, की तीव्र किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्याचा अणू स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतो. शिशाचे वेगळे, पाऱ्याचे वेगळे. जत्रेतल्या गर्दीत एकेकाला नावानं हाक मारावी आणि ज्याचं नाव त्यानंच ओ द्यावी, तसं. मग संगणकावर फक्त पारा कुठे आहे याचा नकाशा काढायचा, फक्त अँटिमनीचा वेगळा काढायचा. पारा कुठून आला? हिंगुळातून. देवघरातल्या जुन्या पोथ्यांत लाल अक्षरं ज्या हिंगुळानं लिहीत तोच तैलरंगात व्हर्मिलियन म्हणून येतो. व्हॅन गॉगनं तो ओठांना आणि गालांना लावला होता. अँटिमनी आलं नेपल्स यलो नावाच्या पिवळ्या रंगातून, चेहऱ्यावर जिथे उजेड पडला तिथून. हे दोन नकाशे एकत्र ठेवले आणि गवतातून एक शेतकरी बाई वर आली. नुएनेन गावी १८८४-८५च्या सुमाराला त्यानं अशा कितीतरी बायांची डोकी रंगवली होती. त्यांतलीच ही एक.

तिला त्यानं लपवलं नव्हतं. दोन-अडीच वर्षांनी त्याला गवत काढायचं होतं आणि हाताशी तिचाच कॅनव्हास होता, एवढंच.

इथे एक इशारा. प्रत्येक यंत्राला काहीतरी दिसत नाही. अवरक्त किरण कोळशानं काढलेली कच्ची रेखाटनं सुंदर दाखवतात, कारण कार्बन ते शोषून घेतो. पण तेच रेखाटन लाल खडूनं केलेलं असेल तर त्यांना पत्ता लागत नाही. एक्स-रेला शिसं दिसतं, कोळसा दिसत नाही. म्हणून चांगले लोक तीन-चार पद्धतींचं म्हणणं एकमेकांशी ताडून पाहतात. आणि घाईचे लोक एकाच पद्धतीच्या जोरावर मोना लिसाच्या खाली दुसरी बाई आहे असं जाहीर करतात. २०१५ साली तसं झालं. अनेक अभ्यासकांना ते पटलं नाही. चित्रकार काम करता करता हनुवटी थोडी सरकवतो, नाक बदलतो. प्रत्येक टप्प्याला वेगळी बाई म्हणायचं तर एका चेहऱ्यात अख्खं महिला मंडळ निघेल.

देगा या फ्रेंच चित्रकाराच्या मेलबर्नमधल्या एका चित्राचं मात्र छान झालं. वरच्या बाईच्या चेहऱ्यावर एक काळपट छाया दिवसेंदिवस गडद होत चालली होती. तैलरंग जुना झाला की थोडा पारदर्शक होतो, त्यामुळे खालचं वर डोकावू लागतं. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या अशाच वर्तुळाकार यंत्रावर ३३ तास चित्र तपासलं. खाली उलट्या डोक्यानं दुसरी बाई होती. देगानं कॅनव्हास फिरवून पुन्हा वापरला होता. एम्मा दोबिन्यी या त्याच्या आवडत्या मॉडेलचा तो चेहरा असावा असं अभ्यासकांना वाटतं.

कधीकधी तर यंत्रही लागत नाही, नजर पुरते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात हेंड्रिक व्हॅन आंतोनिसनचं समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र १८७३पासून आहे. थंडीचा दिवस, किनाऱ्यावर माणसांची गर्दी. पण ही माणसं अशा हवेत इथे का जमली आहेत? बघतायत काय? २०१४ साली साफसफाई करणाऱ्या एका विद्यार्थिनीला आधी क्षितिजावर एक माणूस अधांतरी उभा असलेला दिसला. मग त्याच्या शेजारी शिडासारखं काहीतरी. वरून लावलेला रंग हळूहळू काढल्यावर कळलं की ते शीड म्हणजे कल्ला होता आणि तो माणूस किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशाच्या अंगावर उभा होता. गर्दी देवमासा बघायला आली होती. कुणीतरी देवमासा काढून टाकला आणि गर्दी तशीच ठेवली. दीडशे-एक वर्षं लोक त्या गर्दीकडे बघत होते आणि कुणाला विचारावंसं वाटलं नाही, की बाबांनो, तुम्ही कशाकडे बघताय?

आता अवघड प्रश्नाकडे येतो. दिसलं, समजलं, पण वरचा थर काढायचा की नाही? व्हॅन गॉगच्या बाबतीत प्रश्नच नाही. वरचं गवतही त्याचंच, खालची बाईही त्याचीच. बाईसाठी गवत खरवडायचं म्हणजे एका लेकरासाठी दुसऱ्याचा गळा घोटायचा. ती बाई संगणकावर आहे आणि तिथेच राहील. ओटर्लोला गेलात तर तुम्हाला गवतच दिसेल.

ड्रेस्डेनला मात्र काढायचं ठरलं. द्रावक वापरला असता तर खालच्या मूळ व्हार्निशला धक्का लागला असता, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली, शस्त्रक्रियेच्या सुरीनं, वरचा रंग कणाकणानं खरवडला. २०१९ साली अर्धवट उघडलेलं चित्र लोकांना दाखवलं, सप्टेंबर २०२१मध्ये पूर्ण झालेलं. आता त्या तरुणीच्या मागे मोठा मदन उभा आहे आणि त्याच्या पायाखाली मुखवटे पडले आहेत. ढोंग तुडवणारं खरं प्रेम, असा त्याचा अर्थ त्या काळचा डच माणूस लावी. पत्र कसलं आहे याबद्दल आता फारशी शंका उरत नाही.

अनेकांना हे आवडलं नाही. मलाही पहिल्यांदा नाही आवडलं, खरं सांगतो. मदन जरा अंगावर येतो. मोकळ्या भिंतीतली शांतता गेली. पण ती शांतता ज्यानं दिली तो व्हर्मीर नव्हता, आणि आपण इतकी वर्षं त्याच्या नावानं दुसऱ्याच कुणाचं तरी कौतुक करत होतो. मला शांत भिंत हवी असेल तर मी घरी चुना देईन. दुसऱ्याच्या चित्रात नाही. माझं मत निर्णयाच्या बाजूनं आहे. आणि त्याच निर्णयातली दुसरी गोष्ट मला जास्त पटते: उजव्या पडद्याखालचा काचेचा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला. तो झाकणारा हात व्हर्मीरचा होता.

आपल्या दारातलं उदाहरण दिल्याशिवाय थांबलो तर सर रागावतील. अजिंठा. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोचला आणि त्यानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव नि तारीख कोरून ठेवली. याच लेण्यात ख्रिस्तपूर्व काळातली चित्रं आहेत आणि पाचव्या शतकातल्या बुद्धप्रतिमाही आहेत. मध्ये पाचशेहून जास्त वर्षं. पुढे जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून वर्षानुवर्षं तिथे नकला करत राहिले. रंग नीट उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निशचा हात फिरवला गेला. १९२०च्या सुमाराला निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसवला, ते उत्तम काम होतं, आणि संरक्षणासाठी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. आपले सुतार चपड्याचं पॉलिश करतात ना, त्याच जातीचं. ते तपकिरी झालं, धूळ-धूर धरून बसलं, आणि ज्यांना वाचवायचं तीच चित्रं अंधारात गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी ते थर इंचाइंचानं काढायला घेतले, तेव्हा दहाव्या लेण्यातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यांचे डोळे पुन्हा दिसू लागले. ड्रेस्डेनला चित्र झाकणाऱ्याला ते बदलायचं होतं. इथे झाकणाऱ्यांना ते जपायचं होतं. थराच्या कडेला दोघांचाही हेतू दिसत नाही. दिसतो तो फक्त क्रम.

म्हणून शेवटी एक विनंती, आणि ती या सभागृहातल्या सामान्य माणसांना आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आपण कौतुकानं बघायला जातो. पण तुमच्या गावात, भावकीच्या वाड्यात, एखाद्या देवळाच्या सभामंडपात चुन्याखाली काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही. जत्रेआधी देवळाला ऑइल पेंट द्यायची टूम निघाली की आधी भिंतींचे फोटो काढा. कुठे रंग डोकावत असेल तर खरवडू नका, पुसू नका, ओल्या फडक्यानं तर मुळीच नाही. आणि एखादा पोपडा आपणहून पडला असेल तर तो झाडून टाकू नका. कागदाच्या पाकिटात घाला, वर गाव, भिंत, जमिनीपासूनची उंची आणि तारीख लिहा, आणि जवळच्या संग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्यात नेऊन द्या. कडा तेवढ्या मोडू देऊ नका.